नदीचं मूळ तिच्या रंगात

ब्राझीलच्या मानाउस शहराजवळ दोन नद्यांची भेट होते आणि भेटल्यावर त्या बराच वेळ एकमेकींशी बोलत नाहीत. एकीकडून येते ती रिओ नेग्रो, काळीभोर. दुसरीकडून येते ती सोलिमोइस, गढूळ आणि पिवळट तपकिरी. मध्ये बांध नाही, बेट नाही, तरीही एकाच पात्रात सुमारे 6 किलोमीटर दोन्ही रंग शेजारी शेजारी वाहत राहतात. त्यांच्यातली रेघ इतकी ठळक असते, की होडीतून एक हात काळ्या पाण्यात आणि दुसरा तपकिरी पाण्यात बुडवता येतो. दोघींचा वेग वेगळा, तापमान वेगळं, पाण्याची घनताही वेगळी, म्हणून मिसळायला वेळ लागतो. ब्राझीलचे लोक या संगमापासून पुढच्या प्रवाहाला अॅमेझॉन म्हणतात.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये, असं आपण म्हणतो. इथे विचारायची वेळच येत नाही. सोलिमोइसचं पाणी अँडीजवरून येतं. अँडीज भूशास्त्राच्या हिशेबात तरुण पर्वत आहे. तो अजून वर उचलला जातोय आणि तितक्याच उत्साहानं झिजतोय. त्याचा गाळ हजारो किलोमीटर वाहत मानाउसपर्यंत पोचतो. रिओ नेग्रोचा मुलूख याच्या अगदी उलट. तिचं खोरं मोठ्या प्रमाणात गयाना ढाल नावाच्या प्राचीन, खडकाळ भूभागावर पसरलेलं आहे आणि हे खडक पृथ्वीवरच्या सर्वांत जुन्या खडकांपैकी आहेत. त्यांच्यातून धुऊन जाण्यासारखं जे होतं, ते कधीच धुऊन गेलं. मागे उरली ती बऱ्याच भागात पांढरी, नापीक वाळू आणि तिच्यावर उभं घनदाट जंगल.

रंगाची गंमत या वाळूतच आहे. जंगलात पानं पडतात, कुजतात आणि त्यांतून सेंद्रिय आम्लं सुटतात. चिकणमाती असती तर तिच्या कणांनी ती धरून ठेवली असती. वाळूला ते जमत नाही. पावसाचं पाणी ही आम्लं थेट ओढ्यांत आणि ओढे ती नदीत नेतात. रिओ नेग्रोचं पाणी पेल्यात घेतलं तर कोऱ्या चहासारखं दिसतं, पारदर्शक आणि तांबूस. पात्र खोल असतं तिथे मात्र प्रकाश आत गडप होतो आणि नदी काळी दिसते. घाणीशी या काळेपणाचा संबंध नाही. या पाण्यात गाळ जवळजवळ नसतो, क्षार फार कमी असतात आणि सामू साधारण 4 ते 5, म्हणजे ते चांगलंच आंबट असतं. अशा पाण्यात डासांच्या अळ्या नीट वाढत नाहीत. त्यामुळे नेग्रोच्या काठी डास कमी आणि सोलिमोइसच्या काठी झुंडी, हा फरक प्रवाशांना पहिल्याच संध्याकाळी कळतो.

घरी मत्स्यालय ठेवणारे काही जण टाकीत देशी बदामाची वाळलेली पानं टाकतात. पाणी तांबूस होतं, थोडं आंबट होतं आणि काही मासे खुलतात. ही नेग्रोचीच पाककृती आहे. आपल्याकडच्या दुकानांतही दिसणारा, अंगावर निळा आणि लाल पट्टा असलेला कार्डिनल टेट्रा हा मूळचा याच काळ्या पाण्यातला. नेग्रोकाठच्या बार्सेलोस गावाची ओळखच या माशाच्या व्यापारावर उभी आहे.

आल्फ्रेड रसेल वॉलेस, डार्विनबरोबर नैसर्गिक निवडीचं तत्त्व मांडणारा निसर्गशास्त्रज्ञ, तरुणपणी या भागात हिंडला. त्यानं 1853 च्या प्रवासवर्णनात अॅमेझॉनच्या नद्यांचे पाण्यावरून तीन गट केले: पांढऱ्या, म्हणजे गाळाच्या; काळ्या; आणि नितळ. विसाव्या शतकात हॅराल्ड सिओली या जर्मन संशोधकानं याच विभागणीला रसायनशास्त्राचा आधार दिला. ती आजही वापरात आहे, कारण पाण्याचा रंग कळला की बाकीचं बरंचसं ओळखता येतं. गाळाच्या नदीचा पूर ओसरला की मागे सुपीक जमीन राहते, तिथे शेती होते. काळ्या नदीचा पूर जंगलात शिरतो आणि काही महिने झाडं कमरेपर्यंत, कधी गळ्यापर्यंत पाण्यात उभी असतात. त्या दिवसांत मासे फांद्यांखाली पोहत फळं खातात आणि बियाही पसरवतात.

मानाउसला नदीची पातळी वर्षाकाठी साधारण 10 मीटरनं वर-खाली होते. 2023 च्या दुष्काळात ती नेहमीच्या नीचांकाच्याही खाली गेली, तेव्हा संगमाजवळच्या खडकांवर कोरलेले माणसांचे चेहरे उघडे पडले. 2010 च्या दुष्काळातही ते दिसले होते. त्यांचं वय 1,000 ते 2,000 वर्षं असावं, असा पुरातत्त्वज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे दोन रंगांच्या या संगमाजवळ थांबणारे आजचे पर्यटक पहिले नव्हेत.

गयाना ढालीचेच जुने खडक कोलंबियात मकारेना डोंगररांगेत पुन्हा डोकं वर काढतात. तिथे एक छोटी नदी आहे, कान्यो क्रिस्तालेस. लांबी 100 किलोमीटरच्या आत, रुंदी फार तर 20 मीटर. वर्षातले बरेच महिने ती साधीच असते. पण साधारण जून ते नोव्हेंबर या काळात तिचा तळ लालभडक होतो. किरमिजी, गुलाबी, मध्येच हिरवा, वाळूचा पिवळा आणि खडकाचा काळा. तिला ‘पाच रंगांची नदी’ म्हणतात आणि यात अतिशयोक्ती फारशी नाही. मात्र पर्यटनाच्या जाहिरातींतले फोटो आणखी भडक केलेले असतात. ते पाहून गेलेल्या माणसाची ढगाळ दिवशी निराशा होऊ शकते.

इथे पाण्याला स्वतःचा रंग अजिबात नाही. उलट, ते काचेसारखं नितळ आहे म्हणूनच तळ दिसतो. खडक क्वार्टझाइटचा, कमालीचा कठीण. तो झिजून गाळ होत नाही आणि पाण्यात विरघळतही नाही. लाल रंग मकारेनिया क्लाविजेरा या पाणवनस्पतीचा. ती खडकाला घट्ट चिकटून वाढते. ऊन मिळालं तर लाल होते, सावलीत राहिली तर हिरवी. पाणी फार खोल असेल तर तिला प्रकाश मिळत नाही, आटलं तर ती वाळते. म्हणून पावसाळ्याचा पूरही नाही आणि कोरडही नाही, अशा मधल्या काळातच तिचा बहर असतो. जगात ही वनस्पती फक्त याच परिसरात आढळते.

तिचं कुळ मात्र आपल्या ओळखीचं निघतं. पोडोस्टेमेसी नावाच्या या कुळातल्या अनेक जाती सह्याद्रीतल्या नद्यांत आहेत. बहुतेकांच्या त्या लक्षातही येत नाहीत, कारण भर पावसात धबधब्याखालच्या किंवा खळाळत्या धारेतल्या कातळावर शेवाळासारखा थर दिसला तर त्याला शेवाळच म्हणून आपण पुढे जातो. ही शेवाळं नव्हेत, फुलं येणाऱ्या वनस्पती आहेत. जमिनीवरच्या झाडांचं मुळांनी माती धरण्याचं तंत्र त्यांनी सोडून दिलंय. त्या खडकालाच चिकटतात, जिथे दुसरं काही टिकणार नाही अशा जोरदार प्रवाहात पावसाळाभर वाढतात, आणि पाणी उतरलं की घाईघाईनं फुलून बी टाकून मोकळ्या होतात. बी ओलं झालं की चिकट होतं आणि पुढच्या पुराआधी कातळाला धरतं. धरणामुळे ओढ्याची ही चढ-उतार थांबली, की त्यांचं वेळापत्रकच कोलमडतं.

कान्यो क्रिस्तालेसच्या तळाला गोल, खोल खळगेही आहेत. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिलेल्या माणसाला त्यांची रीत समजावून सांगायला नको. भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे वर्षानुवर्षं गरागरा फिरत कातळ कोरत जातात. निघोजचा कातळ बेसाल्टचा आहे, मकारेनातला त्याहून कितीतरी पुरातन, पण गोट्यांचं काम तेच.

या नदीच्या सौंदर्याला राजकारणानंही हात लावला. मकारेना रांग 1948 मध्येच संरक्षित झाली होती, पण पुढे हा सगळा मुलूख फार्क या सशस्त्र संघटनेच्या प्रभावाखाली गेला. 1998 ते 2002 या काळात तर वाटाघाटींसाठी सरकारनं इथून सैन्यच मागे घेतलं होतं. अनेक वर्षं परका प्रवासी तिथे जाण्याचा प्रश्नच नव्हता. आता ला मकारेना गावापर्यंत छोट्या विमानानं जाता येतं, पुढे ग्वायाबेरो नदीतून होडी, मग चाल. दिवसाला ठरावीक लोकांनाच प्रवेश, पोहायला ठरावीक डोह, आणि अंगाला सनस्क्रीन किंवा डास पळवणारं मलम लावून पाण्यात उतरायला बंदी. ही शेवटची अट मला सगळ्यांत पटते. इतकं स्वच्छ पाणी आणि इतकी नाजूक वनस्पती असेल, तर माणसाच्या कातडीवरचं मलमही मोठी गोष्ट ठरते.

कोस्टारिकातल्या रिओ सेलेस्तेची तऱ्हा आणखी वेगळी. तेनोरियो ज्वालामुखीच्या अंगावर दोन रंगहीन ओढे एकत्र येतात आणि त्याच क्षणी आकाशी निळी नदी सुरू होते. तिथले लोक सांगतात, देवानं आकाश रंगवून झाल्यावर कुंचले इथे धुतले. संशोधकांना बरीच वर्षं वाटायचं, की पाण्यात गंधक किंवा तांबं असणार. 2013 मध्ये कोस्टारिकाच्याच विद्यापीठांतल्या संशोधकांनी छडा लावला. पाण्यात निळं द्रव्य कुठलंच नाही. एका ओढ्याचं पाणी ज्वालामुखीमुळे आंबट, दुसऱ्यात अॅल्युमिनियम आणि सिलिका यांचे अतिसूक्ष्म कण. दोन्ही मिसळली की सामू बदलतो, कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि अशा आकाराला पोचतात, की ते सूर्यप्रकाशातला निळा भाग जास्त विखुरतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर कण एकमेकांना धरतात, तिथेही अॅल्युमिनियमच काम करतं. घरच्या हंड्यात कण खाली बसतात; इथे बरेचसे तरंगत राहतात आणि काही तळाच्या दगडांवर पांढरा थर धरतात.

युरोपातली सोचा नदी निळसर हिरवी आहे आणि तिचं कारण यापेक्षा सरळ. स्लोव्हेनियातल्या ज्युलियन आल्प्सचा चुनखडक, पांढरे गोटे आणि गाळाचा अभाव. स्वच्छ पाणी स्वतः लाल प्रकाश थोडा थोडा शोषतं. पेल्यात ते जाणवत नाही, दोन-चार मीटर खोलीत जाणवतं, आणि खालून पांढरा तळ उरलेला निळा-हिरवा उजेड परत पाठवतो. इतक्या देखण्या खोऱ्यात पहिल्या महायुद्धात, 1915 ते 1917 या काळात, इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या आणि लाखोंचे बळी गेले. हिमालयात देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा भेटतात तेव्हाही दोन रंगांचा मानाउससारखाच खेळ दिसतो. कोणती गढूळ आणि कोणती हिरवट हे ऋतूवर आणि वरच्या डोंगरात पाऊस कुठे पडला यावर ठरतं. चीनची ह्वांग हो तर गाळासाठीच जगप्रसिद्ध. वाऱ्यानं आणून टाकलेल्या पिवळ्या, भुसभुशीत मातीच्या पठारातून वाहताना ती एके काळी वर्षाला सुमारे 160 कोटी टन गाळ नेत असे. धरणं, पायऱ्यांची शेती आणि पठारावरची झाडोऱ्याची लागवड यांमुळे गेल्या काही दशकांत हा आकडा फारच घसरलाय.

आता लाल नदी. कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांना लाल नदीचं नवल नाही. पहिल्या मोठ्या पावसात जांभ्याची माती उतरते आणि खाडीपर्यंत पाणी तांबडं होतं. ते पाणी बादलीत भरून रात्रभर ठेवलं तर सकाळी माती खाली आणि वर बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. स्पेनच्या अंदालुसियातल्या रिओ टिंटोचं पाणी असंच ठेवलं तर सकाळीही लालच राहील. तिथे लोह मातीच्या कणांत अडकलेलं नाही, ते पाण्यात विरघळलेलंच आहे.

लोह विरघळून राहायला पाणी फार आंबट लागतं. टिंटोचा सामू 2.3 च्या आसपास आहे, म्हणजे लिंबाच्या रसाइतका. आणि ही काही डबक्यातली गोष्ट नाही. उगमापासून समुद्राच्या भरतीचं पाणी भेटेपर्यंत, सुमारे 100 किलोमीटरच्या प्रवासातला बहुतेक भाग ती अशीच वाहते. ही नदी ज्या पट्ट्यातून निघते तिथे पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज, प्रचंड प्रमाणात आहे. हवा-पाण्याच्या संपर्कात ते विघटित होऊन गंधकाम्ल बनतं. नुसत्या रसायनानं हे काम फार सावकाश झालं असतं. त्याला वेग देतात ते जीवाणू. लोहाचं ऑक्सिडीकरण करून त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते जगतात. माणसाला जे पाणी पिता येणार नाही, ज्यात मासा टिकणार नाही, ते त्यांनी स्वतःच स्वतःसाठी तयार केलेलं आहे. एवढंच नव्हे, या आम्लात शेवाळं आणि बुरशाही आहेत आणि त्यांची विविधता पाहून शास्त्रज्ञही चकित झाले.

टिंटोच्या काठी सुमारे 5,000 वर्षं खाणकाम चाललंय. तांबं, चांदी, सोनं; रोमनांनी तर इथे जमीन पोखरून काढली. त्यामुळे हा रंग खाणींचंच पाप आहे असं बराच काळ मानलं जाई. खाणींनी आम्लाला मोठा हातभार लावला हे खरंच. पण नदीच्या काठावर उंचावर जुन्या लोहमय गाळाचे थर सापडले, सुमारे 20 लाख वर्षांपूर्वीचे. माणूस येण्याच्या कितीतरी आधीपासून ही नदी लाल होती. कोलंबस 3 ऑगस्ट 1492 रोजी ज्या पालोस बंदरातून निघाला, ते याच नदीच्या मुखाजवळचं.

1873 मध्ये ब्रिटिश भांडवलदारांनी स्पेन सरकारकडून इथली खाण विकत घेऊन कंपनी काढली आणि नदीचंच नाव तिला दिलं. आज जगभर खाणी चालवणारी रिओ टिंटो कंपनी ती हीच. त्या काळी खनिज उघड्यावर ढीग रचून महिनोन् महिने भाजलं जाई आणि गंधकाचा धूर शिवारांवर पसरे. 4 फेब्रुवारी 1888 रोजी शेतकरी आणि खाणकामगार एकत्र येऊन या धुराविरुद्ध चौकात जमले आणि सैन्यानं गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा. तिथल्या लोकांच्या आठवणीतली संख्या शंभराच्या पुढे आहे. पर्यावरणासाठी झालेल्या सुरुवातीच्या लोकआंदोलनांत आता त्याची गणना होते.

या नदीला अलीकडे मंगळानं मोठं केलं. 2004 मध्ये नासाच्या ऑपर्च्युनिटी या यानाला मंगळावर जॅरोसाइट हे खनिज सापडलं. ते आंबट, लोहयुक्त पाण्यात तयार होतं आणि टिंटोच्या काठी ते सर्रास आढळतं. नासा आणि स्पेनचे संशोधक तोवर इथे पोचलेच होते. जमिनीत खोल छिद्रं घेऊन त्यांनी सूर्यप्रकाशाविना जगणारे जीव शोधले. मंगळाच्या पोटात कधी जीवसृष्टी असलीच तर ती कशी शोधायची, याची ही रंगीत तालीम होती.

नद्यांचा रंग आता उपग्रहावरूनही मोजतात. अमेरिकेतल्या मोठ्या नद्यांची 1984 ते 2018 या काळातली लाखो छायाचित्रं तपासून 2021 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे एक तृतीयांश नद्यांचा रंग स्पष्टपणे बदलल्याचं दिसलं. पिवळा म्हणजे साधारणपणे गाळ, हिरवा म्हणजे शेवाळ. शहरं, शेतीतली खतं आणि धरणं यांचा हिशेब असा दुरूनच वाचता येतो. (शिकागो नदी 1962 पासून सेंट पॅट्रिक दिनानिमित्त मुद्दाम हिरवीगार केली जाते. ती या हिशेबात धरू नये.)

सगळ्यांत अनपेक्षित बदल अलास्काच्या उत्तरेला, ब्रूक्स पर्वतरांगेत घडतोय. तिथल्या नद्या अमेरिकेतल्या सर्वांत निर्मळ नद्यांत गणल्या जात. सॅमन नदीला तर 1980 मध्ये तिच्या अस्पर्श प्रवाहासाठी कायद्यानं संरक्षण मिळालं. गेल्या काही वर्षांत तिच्यासह किमान 75 ओढे आणि नद्या नारिंगी झाल्या, असं 2024 च्या एका संशोधनात नोंदवलंय. जवळपास खाण नाही, कारखाना नाही, रस्तासुद्धा नाही. नमुने घ्यायला हेलिकॉप्टरनं जावं लागतं. झालंय ते इतकंच, की हजारो वर्षं गोठलेली जमीन वितळू लागलीय आणि तिच्यात बंद असलेल्या पायराइटसारख्या खनिजांना पहिल्यांदाच पाणी आणि हवा मिळतेय. पुढची रसायनक्रिया टिंटोचीच आहे. काही झऱ्यांचा सामू 2.3 इतका खाली गेलाय.

फरक काळाचा आहे. टिंटोतल्या जीवांना या आम्लाशी जुळवून घ्यायला लाखो वर्षं मिळाली. ब्रूक्स रांगेतल्या माशांना दहा-पंधरा मिळाली आहेत. उपग्रहांच्या जुन्या चित्रांत नारिंगीची सुरुवात 2008 च्या सुमारास दिसते. जुलै-ऑगस्टमध्ये जमीन जास्त खोलवर वितळते, तेव्हा तो रंग सर्वांत गडद असतो. पाण्याबरोबर जस्त, निकेल, तांबं आणि कॅडमियमही येतं. लोहाचा बारीक साका तळाच्या गोट्यांमधल्या फटींत बसतो. याच फटींत सॅमन मासे अंडी घालतात आणि अंड्यांना प्राणवायू मिळतो तो त्यांतून झुळझुळणाऱ्या पाण्यामुळे.